ग्राउल आणि स्क्रीम: आधी ऐकायचं कसं, मग मत द्यायचं कसं

हेवी संगीतातला ग्राउल, म्हणजे घशातून काढलेली खोल घरघर, किंवा स्क्रीम, म्हणजे उंच किंचाळी, तुम्हाला आवडलाच पाहिजे असा माझा आग्रह नाही. नावडला तरी चालेल, पण ऐकून नावडावा. बहुतेकांच्या बाबतीत ऐकणं घडतच नाही. पहिली किंचाळी कानावर पडते, हात आवाज बंद करायला धावतो आणि मत तयार होतं: "नुसते ओरडतात, याला काय गाणं म्हणायचं?" दुसऱ्या बाजूला चाहते. त्यांचंही मत तेवढंच झटपट: "तुला नाही कळणार, सोड." या दोन वाक्यांच्या मध्ये फार चांगलं संगीत दबून जातं, म्हणून हे लिहिते आहे.

मी लाइव्ह कार्यक्रमांना साउंड करते. मिक्सिंग डेस्कवर एक सोय असते. बाकी सगळे चॅनल बंद ठेवून एकट्या गायकाचा आवाज हेडफोनमध्ये ऐकता येतो. चांगला ग्राउल असा एकटा ऐकला की त्यात राग कमी आणि शिस्त जास्त ऐकू येते. श्वास कुठे घेतला, 'ट' आणि 'क' ड्रमच्या कुठल्या ठोक्यावर बसवले, ओळ संपताना आवाज झटक्यात तोडला की हळूच सोडला, हे सगळं ठरवून केलेलं असतं. समोरच्या गर्दीत उभं राहून हे ऐकायचं असेल तर कानाला थोडी सवय लावावी लागते. ती कशी लावायची ते सांगते.

एक गोष्ट आधीच ठरवून टाका. सुराची फूटपट्टी बाजूला ठेवायची. ग्राउलमध्ये स्वर शोधायला गेलात तर हाती काहीच लागणार नाही आणि तुम्ही चिडाल. त्यात शोधायची ती लय, आवाजाचा पोत आणि उच्चार. बेसुर म्हणून ग्राउल नापास करणं म्हणजे तबल्याला चाल येत नाही म्हणून नावं ठेवणं.

पहिल्या दहा सेकंदांचं ऐकू नका

किंचाळी ऐकून दचकणं हा तुमच्या आवडीनिवडीचा भाग नाही. २०१५ मध्ये ल्यूक आर्नाल, डेव्हिड पॉपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या किंकाळीवर एक अभ्यास प्रसिद्ध केला. किंकाळीत आवाजाची तीव्रता सेकंदाला साधारण ३० ते १५० वेळा वरखाली होते. साध्या बोलण्यात हे चढउतार कितीतरी संथ असतात. या जलद चढउतारांमुळे आवाज खरखरीत लागतो, आणि ती खरखर मेंदूतल्या अमिग्डालाला, म्हणजे धोका ओळखणाऱ्या भागाला, जागं करते. अलार्म आणि भोंगेही हाच पट्टा वापरतात.

म्हणजे स्क्रीम सुरू झाला की आधी शरीर उत्तर देतं, कान नंतर. हे उत्तर ओसरू द्यायला हवं. त्यासाठी आवाज बारीक ठेवून ऐका. नेहमीपेक्षाही बारीक. "मेटल मोठ्यानंच ऐकायचं" हा सल्ला नवख्या माणसाला देणाऱ्यांनी कित्येकांना या संगीतापासून दूर लोटलंय. बारीक आवाजात खरखर अंगावर येत नाही आणि उच्चार सुटे होतात. मग तेच गाणं, दुसरं नाही, दोन-तीन वेगवेगळ्या दिवशी ऐका. पहिल्या वेळी गायकाकडे लक्षच देऊ नका, फक्त ड्रम ऐका. दुसऱ्यांदा गिटारचा रिफ, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा. गायकाची पाळी तिसऱ्यांदा. तोवर तो आवाज ओळखीचा झालेला असतो, आणि ओळखीच्या आवाजाला शरीर घाबरत नाही.

घशात नेमकं काय चालतं

हे ठाऊक असलं की ऐकणं बदलतं. स्वरयंत्रात बोलण्या-गाण्यासाठी स्वररज्जूंची एक जोडी असते. तिच्या थोडं वर तशाच आकाराच्या जाड, मऊ घड्या असतात. त्यांना गायकांच्या भाषेत फॉल्स कॉर्ड म्हणतात. एरवी त्या स्वस्थ बसलेल्या असतात. खोल ग्राउलमध्ये गायक श्वासाच्या दाबानं त्यांना थरथरवतो. कधी त्यांच्याही वरचा भाग थरथरतो. हे कंपन अनियमित असतं, म्हणून त्यातून स्वर निघत नाही, खर्जासारखी घरघर निघते. दुसरा मार्ग फ्रायचा. सकाळी उठल्याउठल्या आवाजात जी करकर असते तिला नेमानं धार लावली की उंच, चिरका स्क्रीम तयार होतो. बरेच गायक दोन्ही मार्ग मिसळून वापरतात आणि बाहेरून ऐकून नक्की कुठला हे सांगणं दर वेळी जमत नाही. जमलंच पाहिजे असंही नाही.

या घड्या वापरणं मेटलवाल्यांनी शोधून काढलेलं नाही. रशियातल्या तुवा प्रदेशातली कारगिरा नावाची खोल कंठगायकी याच घड्यांवर चालते. तिथे घड्या शिस्तीत, स्वररज्जूंच्या निम्म्या गतीनं हलतात, त्यामुळे मूळ स्वराच्या एक सप्तक खालचा स्वर ऐकू येतो. ब्लूज गाणारा हाउलिन वुल्फ आणि जॅझवाला लुई आर्मस्ट्राँग यांच्या आवाजातली खरखर तर सगळ्यांच्या ओळखीची. हेवी संगीतात पझेस्ड या बँडचा जेफ बेसेरा १९८५ मध्ये आणि डेथ या बँडचा चक शुल्डिनर १९८७ मध्ये त्या खरखरीला पूर्ण गाण्याचा भार उचलायला लावतात, तिथून पुढे डेथ मेटल ही ग्राउलवर चालणारी शाखा उभी राहिली.

आता एक प्रयोग करा, याला मिनिटही लागत नाही. कुजबुजत्या आवाजात, घसा अजिबात न वापरता, ऊ, ओ, आ, ए, ई असं सावकाश म्हणा. कुजबुजीत स्वररज्जू थरथरत नाहीत, म्हणजे स्वर नाही. तरीही ऊपासून ईपर्यंत आवाज चढत गेल्यासारखा वाटतो. ही चढण तोंडाच्या आकारातून येते, जीभ आणि ओठांच्या हालचालीतून. ग्राउल करणारा गायक हेच करतो. त्याचा "खालचा" आणि "वरचा" आवाज बराचसा तोंडात घडतो. एकदा हे लक्षात आलं की "सगळा ग्राउल एकसुरी असतो" हे म्हणणं अवघड जातं. त्यात चढउतार असतात, फक्त ते वेगळ्या जागी असतात.

डेस्कवरचा एक अनुभव याला जोडून सांगते. ग्राउल ऐकून वाटतं की यात प्रचंड बेस असणार. प्रत्यक्षात मी गायकाच्या चॅनलवरून १०० हर्ट्झच्या खालचं बहुतेक सगळं काढून टाकते आणि ग्राउल तेवढाच खोल ऐकू येतो. उलट २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास थोडं जरी कमी केलं तर शब्द विरघळतात आणि गायक मागे पडतो. ग्राउलचा जीव वरच्या पट्ट्यात, व्यंजनांमध्ये असतो.

एक गाणं घ्या आणि असं ऐका

सुरुवातीला गायक असा निवडा ज्याचे शब्द कळतात. माझी पहिली शिफारस नेहमी डेथच्या १९९५ च्या 'सिम्बॉलिक' अल्बमची असते. शुल्डिनरचा आवाज तोवर वर सरकला होता, धारदार झाला होता आणि शब्द स्पष्ट होते. गिटारही तोच वाजवायचा, त्यामुळे गायकी आणि रिफ एकाच माणसाच्या डोक्यातून आलेत हे जाणवतं.

गीताचे शब्द आधी वाचून काढा, संगीत न लावता. मग शब्द समोर ठेवून गाणं ऐका. दोन-चार वेळा असं केलं की कागद बाजूला ठेवल्यावरही शब्द कळायला लागतात. न कळणारी भाषा कानावर पडतेय असं जे वाटत होतं ते निघून जातं. याला फसवणूक समजू नका. अनोळखी उच्चारपद्धतीची कानाला अशीच सवय होते.

पुढची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. बोटानं टेबलावर गायकाची अक्षरं वाजवा. ड्रमचे ठोके वाजवायचे नाहीत, अक्षरं वाजवायची. थोड्याच वेळात दिसेल की गायक कधी स्नेअर या कडक आवाजाच्या ड्रमबरोबर जातो, कधी रिफच्या लयीला चिकटतो, कधी मुद्दाम अर्धा ठोका उशिरा येतो. कॅनिबल कॉर्प्स या बँडचा जॉर्ज फिशर हे ऐकायला फार उपयोगी. तो इतक्या वेगानं अक्षरं टाकतो आणि ती इतकी सुटी असतात की बोट थकतं. या बँडचा आणखी एक फायदा आहे. १९९५ पर्यंत तिथे ख्रिस बार्न्स गायचा. त्याचा आवाज जाड, ओला, शब्द जवळजवळ गिळलेले. बार्न्सचा १९९२ चा 'टूम ऑफ द म्युटिलेटेड' आणि फिशर आल्यानंतरचा १९९६ चा 'व्हाइल' पाठोपाठ लावा. संगीताची जात तीच, आवाज बदलल्यावर काय काय बदलतं ते ऐका. बार्न्स रिफच्या आत बुडतो, फिशर रिफच्या वर उभा राहतो. मला फिशर जास्त भावतो, कारण मी लयवेडी आहे. ज्यांना वातावरण हवं असतं ते बार्न्सकडे जातात, आणि त्यांची बाजूही मला पटते. गीतांचा आशय मात्र दोघांच्याही काळात अत्यंत रक्तरंजित आहे. तो नको असेल तर ही जोडी सोडून द्या आणि कारकास या बँडकडे वळा. त्यांच्या १९९१ च्या अल्बममध्ये जेफ वॉकरचा चिरका आवाज आणि बिल स्टीअरचा खोल आवाज एकाच गाण्यात आलटून पालटून येतात. तिथेही विषय शवविच्छेदनाचेच आहेत, पण भाषा इतकी वैद्यकीय की शब्दकोश घेऊन बसावं लागतं.

मग श्वास ऐका. गायक श्वास कुठे घेतो आणि किती वेळा घेतो. चांगला गायक श्वासाचीही जागा ठरवतो, आणि रेकॉर्डिंगमध्ये तो श्वास ठेवला की कापला हा निर्मात्याचा निर्णय असतो. श्वास ठेवलेली गाणी मला जिवंत वाटतात. अखंड, बिनश्वासाचा ग्राउल ऐकताना माझा जीव गुदमरतो आणि कान लवकर थकतो.

शेवटी ओळीचा शेवट ऐका. सुरुवात कुणालाही दणक्यात करता येते. लांब ओढलेला ग्राउल संपवताना आवाज फुटतो का, वर सरकतो का, की शेवटच्या क्षणापर्यंत तेवढाच भरीव राहतो? गायकाची तयारी तिथे कळते.

आणि सगळ्या आवाजांना एका टोपलीत टाकू नका. १९९० च्या 'पेनकिलर'मध्ये जुडास प्रीस्टचा रॉब हॅलफोर्ड जे करतो तो उंच, सुरेल स्क्रीम आहे. तिथे सुराची फूटपट्टी लावायलाच हवी. कन्व्हर्ज बँडचा जेकब बॅनन हार्डकोरमधून, म्हणजे पंकच्या आक्रमक शाखेतून, आलेला, त्याच्या किंचाळण्यात तंत्रापेक्षा तडफड पुढे असते. नॉर्वेजियन ब्लॅक मेटलमध्ये, उदाहरणार्थ एम्पररच्या सुरुवातीच्या अल्बममध्ये, स्क्रीम मिक्समध्ये मागे, गिटारच्या धुक्यात ठेवलेला असतो. तिथे शब्द कळावेत अशी अपेक्षाच नसते. ज्याला एक प्रकार आवडत नाही त्याला दुसरा आवडू शकतो.

नेहमी कानावर येणारी मतं

"शब्द कळत नाहीत." तक्रार रास्त आहे आणि काही गायकांच्या बाबतीत मीही ती करते. फक्त ती सगळ्यांना सारखी लावायची असेल तर ऑपेरातल्या सोप्रानोलाही, म्हणजे सर्वांत उंच आवाजाच्या गायिकेलाही, लावा. फार उंच स्वरांवर तिथेही आ, ई, ऊ यांतला फरक जवळजवळ पुसला जातो, आणि श्रोते आवाजासाठीच गेलेले असतात. ग्राउलच्या बाबतीत मी स्वतःला विचारते, शब्द कळले नाहीत तरी ओळीचा आकार कळला का? ओळ कुठे सुरू झाली, कुठे वळली, कुठे संपली? तेही कळलं नाही तर तक्रार खरी.

"साफ आवाजात गायलं असतं तर किती छान झालं असतं." याचं उत्तर शोधायला ओपेथ हा बँड ऐका. त्याचा गायक मिकेल ओकरफेल्ट दोन्ही करतो आणि दोन्ही उत्तम करतो. २००१ च्या 'ब्लॅकवॉटर पार्क'मध्ये एकाच गाण्यात मऊ आवाज येतो आणि ग्राउलही येतो. ग्राउल येतो त्या जागा निवडून मनातल्या मनात तिथे साफ आवाज ठेवून पाहा. काही ठिकाणी चालेल. काही ठिकाणी गाण्याचा तळ निघून जाईल, कारण मऊ आवाजाला मऊपणा आलाय तो शेजारच्या ग्राउलमुळे. २०११ च्या 'हेरिटेज'पासून ओपेथनं ग्राउल सोडला आणि २०२४ च्या अल्बममध्ये तो परत आणला. मधल्या अल्बममध्ये गाणी सुंदर आहेत, तरी मला त्यांत उंची जाणवते आणि खोली कमी पडते. हे माझं मत. तुमचं उलटं असू शकतं, पण दोन्ही काळ ऐकून बनवा.

"गाता येत नाही म्हणून ओरडतात." ओकरफेल्ट हे याचं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं जिंजर बँडची तातियाना श्मायलुक. तिचं २०१६ च्या अल्बममधलं 'पायसीस' लावा. गाणं हळुवार सुरू होतं आणि ग्राउल येतो तेव्हा हे दोन्ही आवाज एकाच गळ्यातले आहेत यावर पहिल्यांदा विश्वास बसत नाही.

"हे पुरुषांचंच काम." आर्च एनिमी बँडमध्ये गायिका अँजेला गॉसो २००० मध्ये आली आणि २०१४ पर्यंत राहिली, तिच्यानंतर अलिसा व्हाइट-ग्लझ. २००१ चा 'वेजेस ऑफ सिन' एखाद्याला नाव न सांगता ऐकवा आणि गाणारी व्यक्ती कोण ते ओळखायला सांगा. माझ्या ओळखीच्या साउंडवाल्यांनीही चुकीची उत्तरं दिली आहेत. स्त्री-पुरुषांच्या आवाजातला मोठा फरक स्वराच्या उंचीचा, आणि ग्राउलमध्ये स्वर जवळपास नसतोच. त्यामुळे आश्चर्य वाटायचं खरं तर कारण नाही.

"घसा खलास होतो." चुकीच्या पद्धतीनं केलं तर होतो. गाठी येतात, आवाज बसतो, गायक दौरे रद्द करतात. योग्य पद्धत असते आणि ती शिकवता येते. न्यूयॉर्कमधल्या मेलिसा क्रॉस यांनी हे शिकवण्यात हयात घालवली, त्यांचा शिकवणीचा व्हिडिओ २००५ मध्ये आला आणि लॅम्ब ऑफ गॉडचा रँडी ब्लाइद, अँजेला गॉसो यांनी त्यांच्याकडे धडे घेतले. लोर्ना शोर बँडच्या विल रामोसनं तर घशात कॅमेरा घालून ग्राउल करून दाखवला. त्यात वरच्या घड्या कशा जवळ येतात, सगळा भाग कसा आकार बदलतो हे दिसतं. स्क्रीम करून बघायची इच्छा असेल तर मास्तर शोधा आणि हे पाळा: दुखलं, टोचलं, खोकला आला की त्या क्षणी थांबायचं. आवाज वाटतो त्यापेक्षा खूप लहान निघाला पाहिजे, मोठा करायचं काम माइकचं. आणि आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवायचं, काढे करत बसायचं नाही.

"ऐकणारे हिंसक होतात." सिडनीच्या मॅक्वेरी विद्यापीठातल्या विल्यम थॉम्पसन यांच्या गटानं २०१९ मध्ये हेच तपासलं. ब्लडबाथ या बँडचं नरभक्षणावरचं एक गाणं आणि फॅरेल विल्यम्सचं 'हॅपी' ऐकवून, लोकांच्या एका डोळ्याला हिंसक आणि दुसऱ्या डोळ्याला साधं चित्र दाखवलं. मेंदू हिंसक चित्राकडे आधी वळतो, धोका टिपण्याची ती खूण. डेथ मेटलच्या चाहत्यांमध्ये ही जाणीव इतरांइतकीच शाबूत निघाली, बोथट झाली नव्हती. चाहत्यांना त्या संगीतातून मुख्यतः आनंद मिळतो हेही याच गटाच्या कामात दिसलं. मला यात नवल वाटत नाही. कार्यक्रम संपल्यावर डेस्कच्या बाजूनं बाहेर पडणारे चेहरे मी पाहते. घामानं निथळलेले, हसरे, एकमेकांना पाणी देणारे.

शिवाय ग्राउल म्हणजे राग हे समीकरणच तोकडं आहे. डूम मेटल या संथ, जड प्रकारात तो शोक वाहतो. गोजिरा बँडच्या २००५ च्या 'फ्रॉम मार्स टू सिरियस'मध्ये तो देवमाशांबद्दल आणि पृथ्वीच्या नाशाबद्दल बोलतो. याच गोजिरानं २६ जुलै २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकच्या उद्घाटनात काँसिएर्जरी या जुन्या इमारतीच्या भिंतीवरून वाजवलं, सोबत ऑपेरा गायिका मारिना व्हियोती. ते गाणं मी नवख्यांना आवर्जून ऐकवते. गोजिराचा गायक जो ड्युप्लँटिएर याचा आवाज शब्दाच्या कडांनी वाद्यांमधून वाट काढतो, व्हियोतीचा आवाज झंकारानं आणि कंपनानं. दोघांना त्याच गदारोळातून पोचायचंय आणि दोघं पोचतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याला मेटल विभागातलं ग्रॅमी मिळालं.

चाहत्यांनो, तुम्हीही

आपल्यातही आळशी मतं आहेत. साफ आवाज आला की बँड विकला गेला, हे त्यातलं एक. सगळ्यात खोल तो सगळ्यात थोर, हे दुसरं. हल्ली गाण्याच्या शेवटच्या ब्रेकडाउनमध्ये, म्हणजे लय मुद्दाम संथ आणि जड होते त्या भागात, गळ्यातून निघू शकणारे सगळे आवाज एकामागून एक काढून दाखवायची पद्धत रुळली आहे. त्यामागची मेहनत मला ठाऊक आहे आणि तिचा आदर आहे. तरी मला विचारावंसं वाटतं: हा आवाज याच ओळीला का? पुढच्या गाण्यात उचलून ठेवला तर काही बिघडेल का? बिघडणार नसेल तर ती कसरत झाली, गायकी नाही. नव्या माणसाला पहिल्याच दिवशी सर्वांत टोकाचं गाणं ऐकवून त्याचा चेहरा बघत बसणंही बंद करा. त्यानं कुणीच या बाजूला आलेलं मी पाहिलं नाही.

कार्यक्रमात ऐकताना

प्रत्यक्ष कार्यक्रमात गायक वाईट वाटला तर निकाल देण्याआधी त्याच्या हाताकडे बघा. माइकची जाळी मुठीत धरली असेल तर अर्धा दोष तिथेच आहे. माइकच्या डोक्यामागची छिद्रं बंद झाली की तो फक्त समोरचं ऐकायचं सोडून सगळीकडचं ऐकायला लागतो. मधला पट्टा फुगतो, व्यंजनं मरतात, मॉनिटरमधून, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमधून, शीळ सुरू होते. गायकाला स्वतःच्या कानात तो आवाज जाड आणि भारी लागतो म्हणून तो मूठ सोडत नाही, आणि डेस्कवर मी काहीही फिरवलं तरी गेलेले शब्द परत येत नाहीत. गायकांनो, कृपा करून मूठ खाली घ्या.

ऐकणाऱ्यांनी उभं राहायचं ते डेस्कच्या आसपास. तिथला आवाज ऐकूनच सगळं जुळवलेलं असतं. अगदी पुढे गेलात तर ड्रम आणि गिटारचे अँप थेट अंगावर येतात आणि गायक हरवतो. इअरप्लग घाला, संगीतासाठीचे मिळतात, ते आवाज सगळीकडून सारखा कमी करतात. कान सुन्न झाल्यावर ग्राउल म्हणजे नुसती घरघर उरते, त्यात गायकाचा दोष नसतो.

मत मांडताना

आता बोला. मात्र "भारी" आणि "भंगार" हे दोन शब्द सोडून. कुठल्या गाण्यात, कुठल्या जागी, काय झालं ते सांगा. "दुसऱ्या कडव्यात रिफ संथ होतो तिथे त्यानं स्क्रीम तसाच वेगवान ठेवला, त्यामुळे ओळ ड्रमपासून सुटली" हे मत आहे. त्यावर समोरचा बोलू शकतो, तुम्हाला ती जागा पुन्हा ऐकायला लावू शकतो. "उच्चार सुरेख आहेत, पण पूर्ण अल्बमभर एकच पोत आहे, पाचव्या गाण्यापर्यंत माझा कान बसला" हेही मत आहे, आणि मी स्वतः कित्येक चांगल्या बँडबद्दल ते देते.

घरातलं कुणी "बंद कर ते" म्हणालं तर वाद घालू नका. हेडफोन लावा. त्यांना खरंच ऐकवायचं असेल तर पॅरिसचं ते गाणं किंवा 'पायसीस' निवडा, बारीक आवाजात, शब्द समोर ठेवून, आणि एका वेळी एकच.

हे सगळं करून, गाणी मन लावून ऐकूनही ग्राउल नकोसाच वाटला, तर तसं सरळ म्हणा. तुमच्यासाठी हेवी संगीतात पुष्कळ काही उरतं: हॅलफोर्डचा सुरेल स्क्रीम, २०११ ते २०१९ मधलं ओपेथ, आणि गायकच नसलेले कितीतरी बँड. त्यातल्या एखाद्या बँडपासून सुरुवात करा, आणि पहिल्या वेळी पुन्हा फक्त ड्रम ऐका.